देशाचा रकाना

सदरच्या ठाण्यासमोर, रसवंतीला लागून,
माझं टायपिंगचं टेबल. वीस वर्षं झाली.
आधी भाडेकरार, वारसपत्रं, नावातले बदल.
आता दिवसाला सहा-सात जण तेच सांगायला येतात
आणि सुरुवात सगळ्यांची एकच:
"मी तसा हुशार आहे हो, पण त्या दिवशी..."

हे वाक्य मी टाइप करत नाही.

आज निनावे आले. मानेवाड्याचे, वीज मंडळातून निवृत्त.
आरोपीच्या नावापुढे मी लिहिलं: अनोळखी, निनावी.
वाचून म्हणाले, "माझंच नाव टाकलं का बाप्पा?"
आणि हसले.
अकरा लाख गेल्यावरही माणूस हसतो.

तीन दिवस त्यांना मोबाइलसमोर बसवून ठेवलं होतं
खोट्या साहेबाने, खोट्या भिंतीपुढे, खऱ्या शिव्या देत.
लघवीला जायचं तरी परवानगी.

मग तो प्रश्न आला, सगळ्यांनाच येतो.
"ताई, हे आपल्याच देशात जास्त आहे का?
माझा भाचा ओस्लोला असतो. तिकडे म्हणे
रस्त्याकडेला अंडी ठेवतात, बाजूला पैशाचा डबा,
राखायला कोणी नाही."

मी ठाण्याच्या या बाजूला बसते,
जगाच्या कुठल्या बाजूला ते ठाऊक नाही.
एवढंच पाहिलंय, की जे येतात त्यांचीच मोजणी होते.
इतवारीतला तो सराफ कोपऱ्यापर्यंत आला,
रस पिऊन परत गेला. दोनदा.
धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळा कागद टाइप करून घेतला,
पैसे दिले, घडी घातली, पर्समध्ये टाकला
आणि ठाण्याकडे पाठ करून रिक्षा थांबवली.
जिथे लाज जास्त तिथे आकडा कमी निघत असेल.
जिथे ठाण्यात बसायला खुर्ची देतात, तिथे मोठा.
आणि त्या अंडी ठेवणाऱ्या म्हातारीलाही
कोणीतरी फोन लावतच असेल की.
पीक जिथे उभं, तोडणीची टोळी तिथेच जाते.

कळमन्यात संत्र्यांची पेटी उघडून बघा,
वर मोठी, झळाळती. तळाला चिल्लर.
घेणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला माहीत,
तरी भाव वरच्या थरावरच ठरतो.
त्याला आम्ही धंदा म्हणतो.

"तो कुठून बोलत होता?" मी विचारलं.
रकाना होता ना, देशाचा.
नंबर बाहेरचा, म्हणाले. साहेब हिंदीत, कडक.
"पण दुसऱ्या रात्री मला भोवळ आली.
साहेब उठून गेला होता.
तर मागून एक पोरगा हळूच म्हणाला,
काका, पाणी पिऊन घ्या ना. काहून घाबरून राहिले?"

काहून. घाबरून राहिले.
पृथ्वीवर किती ठिकाणी बोलतात असं?

दिवाळीआधी कामठी रोडच्या उरकुडेबाई आल्या होत्या.
मुलगा डेटा एन्ट्रीला म्हणून परदेशी गेला,
एजंटला दोन लाख, पासपोर्ट तिथे कोणीतरी ठेवून घेतला.
रविवारी फोन यायचा. मग येईना.
तो कागदही मीच केला. आरोपी: एजंट. देश: भारत.

हाच तो पोरगा, असं मी म्हणत नाही.
इथून पोरं काय थोडी जातात?
निनाव्यांना फक्त विचारलं,
हे पाण्याचं पण लिहू?
ते रसवंतीच्या चाकाच्या घुंगरांकडे बघत राहिले,
दोन ग्लास भरून गेले तेवढा वेळ.
"नको," म्हणाले. "त्याले मार बसन."

देशाचा रकाना मी रिकामा सोडला.
हवालदार भरेल, काहीतरी टाकावंच लागतं.

मजकूर दीड पान झाला होता.
मी दोन पानांचे लावले, नेहमीसारखे.
त्यांनी पाचशेची नोट दिली,
मी सवयीने उजेडात धरली.
त्यांनी ते पाहिलं, मान हलवली:
"बघून घ्या ताई. बघून घ्या."